लावणीच्या दिवसांत जावं की कापणीच्या?

मागच्या एका उत्तरात मी उत्तर व्हिएतनाममधल्या सापा या डोंगरी गावाचा ओझरता उल्लेख केला होता. सापा गावातून निघायचं, भातखाचरांच्या बांधांवरून उतरत मुओंग होआच्या खोऱ्यातल्या ह्मोंग या डोंगरी समाजाच्या वस्त्यांमध्ये जायचं आणि संध्याकाळी गाडीने परतायचं, असा तो एका दिवसाचा ट्रेक. त्यावर एवढी पत्रं आली आहेत की यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवते. सिंगापूरच्या शॉपिंगबद्दल विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, वय ६२ आणि ५८. मुलगी म्हणते मे महिन्यात हनोईची तिकिटं स्वस्त आहेत, तेव्हाच जा. पण फोटोत दिसणारे ते सोनेरी डोंगर मे महिन्यात दिसतील का? आणि एवढं चालणं आम्हाला झेपेल का? — निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : सोनेरी डोंगर मे महिन्यात दिसणार नाहीत. हे आधीच सांगते, म्हणजे तिथे पोचल्यावर मुलीला फोन करून भांडायला नको. तरीही तिचं ऐका, असं मी म्हणेन.

सापा समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे. हनोईच्या आसपासच्या सखल प्रदेशात भाताची वर्षाला दोन पिकं निघतात. सापाच्या डोंगरात थंडी इतकी असते की एकच. त्यामुळे तुम्हाला काय दिसेल हे तिकिटाच्या तारखेपेक्षा त्या एका पिकावर ठरतं. एप्रिलच्या अखेरीपासून खाचरांत पाणी घ्यायला सुरुवात होते, मे-जूनमध्ये लावणी. जुलै-ऑगस्टमध्ये सगळा उतार हिरवागार, पण पावसाचा जोरही तेव्हाच, वाटा निसरड्या आणि दरडींची भीती. ऑगस्ट संपता संपता लोंब्या पिवळ्या पडायला लागतात आणि सप्टेंबरमध्ये कापणी. तुमचे फोटो या चार-पाच आठवड्यांतले आहेत. त्यानंतर उरतात ती धसकटं, खाचरांत सोडलेली बदकं आणि मोकाट चरणाऱ्या म्हशी. डिसेंबर ते फेब्रुवारी धुकं असं दाटतं की पुढचा माणूस दिसला तरी नशीब.

माझं मत विचाराल तर मे महिन्याचा दुसरा पंधरवडा. पीक पिवळं झालं की सगळा डोंगर एकसारखा दिसतो, सुंदर दिसतो, आणि कॅमेरेवाल्यांनी भरून जातो. पण हा डोंगर माणसांनी कसा घडवला ते पाण्याच्या दिवसांत कळतं. वरच्या जंगलातल्या झऱ्याचं पाणी चरांमधून, कुठे कुठे उभ्या चिरलेल्या बांबूच्या पन्हळीतून, सगळ्यात वरच्या खाचरात आणतात. तिथे बांधाला एक छोटी खाच असते, पाणी तिच्यातून खालच्या खाचरात पडतं, तिथून त्याच्या खालच्या, असं करत करत तळातल्या ओढ्यापर्यंत. पंप नाही, मोटर नाही. प्रत्येक खाचर पाणसळीत हवं, नाहीतर एका कडेची रोपं बुडणार आणि दुसऱ्या कडेची वाळणार. लावणीआधी बायका-पुरुष गुडघाभर चिखलात उभे राहून दरवर्षी बांध नव्याने लिंपतात. खाचरं इतकी अरुंद की मोठं यंत्र वळणारच नाही. म्हशीचा नांगर किंवा हाताने ढकलायचा छोटा टिलर, बस. हे सगळं चालू असताना तुम्ही त्याच्या मधून चालत असता. सप्टेंबरात हे काहीच दिसत नाही, पिकाखाली झाकलेलं असतं.

आता झेपण्याबद्दल. नेहमीची वाट अशी : सापा गाव, यी लिन हो, लाओ चाय, ता वान. साधारण १२ किलोमीटर, जेवण धरून पाच-सहा तास. ता वान सापापेक्षा बरंच खाली आहे, म्हणजे दिवसभर मुख्यतः उतारच. दम लागणार नाही, गुडघे बोलतील. जिना उतरताना कठडा धरावा लागत असेल तर काठी न्या, दोन न्या. सगळ्यात अवघड तुकडा सुरुवातीलाच, यी लिन होच्या ओढ्याकडे उतरताना. तांबडी चिकणमाती, आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर साबण लावल्यासारखी. मावळात खाचरांच्या बांधावरून चाललेल्या माणसाला यात नवं काही नाही. फरक एवढाच की इथे एका हाताला पाणी असतं आणि दुसऱ्या हाताला पुरुषभर खाली पुढचं खाचर. बांधाच्या मधोमध चाला, कडेवर पाय देऊ नका. कड ढासळली तर पाणी निघून जातं आणि ती लिंपायला कुणाला तरी परत यावं लागतं.

लाओ चायपर्यंत जाऊन पुरे झालं असं वाटलं तर तिथून गाडीने परत येता येतं. ता वानपर्यंत डांबरी रस्ता आहे, व्हॅन मिळते, मोटारसायकलवर मागे बसवून नेणारे 'से ओम'वालेही मिळतात. ६२ व्या वर्षी सगळी वाट पूर्ण केलीच पाहिजे असा दंडक नाही. तुमच्या यजमानांना माझ्या नावाने सांगा.

प्रश्न : मोबाइलवर नकाशा आहे, गावांची नावं आहेत. गाइडवर पैसे कशाला घालवायचे? — सॉफ्टवेअरमधला तरुण, पुणे

उत्तर : नकाशा तुम्हाला डांबरी रस्त्याने नेईल. तो खोऱ्याच्या कडेने जातो, त्यावर सिमेंटचे ट्रक आणि पर्यटकांच्या व्हॅन धावतात. ता वानला पोचाल, यात शंका नाही. शेतातल्या वाटा मात्र नकाशावर नीट नाहीत, आणि त्या दरवर्षी थोड्या बदलतात. जिथे पाणी सोडलंय तिथून यंदा वाट नाही, एवढं साधं.

सापातल्या बहुतेक गाइड ह्मोंग बायका आहेत. त्यांच्यातल्या कित्येकींनी इंग्रजी शाळेत नाही, पर्यटकांबरोबर चालता चालता उचललं. माझ्याबरोबर आलेली बाई लाओ चायची होती. पायात प्लॅस्टिकच्या चपला, पाठीला झोळीत बाळ, आणि चालता चालता हात रिकामे ठेवायचे नाहीत म्हणून हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या कुळातल्या झाडाच्या, सालीचे धागे एकमेकांना जोडत गुंडाळत होती. मी महागाचे बूट घालून घसरत होते, ती मागे न बघता हात पुढे करायची. वाटेत एका कुंपणापाशी थांबून तिने निळीच्या झुडपाचं पान तोडलं, माझ्या तळहातावर चोळलं. आधी हिरवा डाग. पुढच्या चढाच्या माथ्यापर्यंत तो निळसर झाला. हे नकाशा दाखवत नाही.

व्यवहाराचं सांगते. आदल्या दिवशी ठरवा, आणि ठरवताना विचारा की गाइड कुठल्या गावची. ज्या गावात जायचं तिथलीच असेल तर उत्तम, जेवण बहुधा तिच्या नाहीतर तिच्या नणंदेच्या घरी होतं. एजन्सीकडून घेतलीत तर तिच्या हातात किती पडतात हेही विचारायला लाजू नका. लावणीच्या आणि कापणीच्या आठवड्यांत कित्येक जणी स्वतःच्या शेतात असतात, तेव्हा लवकर ठरवलेलं बरं. खोऱ्यात शिरायचं वेगळं तिकीट असतं. ते गाइडच्या पैशात धरलंय का, हे आधीच स्पष्ट करून घ्या.

प्रश्न : माझी बहीण जाऊन आली. म्हणते, पाठीला टोपली लावलेल्या पाच-सहा बायका सापापासूनच मागे लागतात, बोलत बोलत येतात, आणि जेवायच्या वेळी सामान काढून 'घ्या घ्या' म्हणून अंगावर येतात. यांना टाळायचं कसं? — गृहिणी, डोंबिवली

उत्तर : टाळता येत नाही, आणि टाळायचं कशाला, हा माझा उलट प्रश्न. पण बहिणीला राग आला तो का, तेही समजतं. चार तास ती बाई तुमची बॅग धरते, चिखलात हात देते, मुलं किती, नवरा काय करतो सगळं विचारते, बांबूच्या पात्याचा घोडा करून देते. तुम्हाला वाटतं मैत्री झाली. मग लाओ चायला जेवणाच्या टेबलापाशी टोपली उघडते आणि मैत्रीचा भाव ठरायला लागतो. दोन्ही खरं असतं, हे आपल्याला पचत नाही.

सोपा मार्ग असा की सुरुवातीलाच स्पष्ट बोला. मला काही घ्यायचं नाही, असं पहिल्या अर्ध्या तासात हसून सांगितलंत तर त्यातल्या काही दुसऱ्या गटाकडे वळतात, कारण त्यांचाही दिवस मोलाचा. एकजण तरीही आली, तिने खरंच हात दिला, तर तिच्याकडून एखादी वस्तू घ्या. सगळ्यांकडून एकेक घेणं हा उपाय नव्हे, त्याने फक्त पिशव्या वाढतात. घासाघीस करा, ती त्यांनाही अपेक्षित असते. पण हिशेब डोळ्यासमोर ठेवा : एक रुपया म्हणजे साधारण ३०० डोंग. पाच हजार डोंगसाठी पाच मिनिटं ओढाताण करणं म्हणजे सोळा-सतरा रुपयांसाठी भांडणं. आपल्याकडची माणसं हे हिरिरीने करतात, मी बघितलंय.

कसब ओळखायचं असेल तर कापड उलटून बघा. हाताने भरलेल्या कशिद्याची मागची बाजू पुढच्याइतकी सफाईदार नसते, गाठी दिसतात. मशीनची पाठ एकसारखी. सापाच्या बाजारातलं बरंचसं सामान कारखान्यातलं आहे, आणि टोपलीत तेही असतं. मेणाने नक्षी काढून निळीत बुडवलेलं हेम्पचं कापड हातात घेतलं तर जड आणि थोडं खरखरीत लागतं. ते महाग असतं आणि असायलाच हवं. झाड लावण्यापासून सोलणं, धागा जोडणं, विणणं, मग निळीत पुन्हा पुन्हा बुडवून वाळवणं, यात महिने जातात. सणाच्या कपड्याला तर वर मेण लावून दगडाखाली घोटून चकाकी आणतात.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. लहान मुलांकडून काही विकत घेऊ नका, त्यांना पैसे किंवा गोळ्या-चॉकलेटं वाटू नका. प्रशासनही हेच सांगतं. पाठीला धाकटं भावंड बांधून रस्त्यावर धागे विकणारी सात-आठ वर्षांची मुलगी बघून पोटात तुटतं, पण तिची कमाई होत राहिली तर तिला शाळेत कोण पाठवणार? द्यायचंच असेल तर तिच्या आईच्या टोपलीतलं घ्या.

प्रश्न : कॉलेजात जाणारा माझा मुलगा म्हणतो, गरीब आदिवासींच्या घरात शिरून फोटो काढणं म्हणजे माणसांचं प्राणिसंग्रहालय. त्याला काय सांगू? — बँक कर्मचारी, नागपूर

उत्तर : त्याला सांगा की तो चुकीचं बोलत नाहीये, आणि त्याला सोबत घेऊन जा.

ह्मोंग दक्षिण चीनमधून गेल्या दोन-तीन शतकांत इथल्या डोंगरांत आले. तोवर खालच्या दऱ्यांतली सपाट, ओली जमीन इतर समाजांनी धरलेली होती. यांना वरचे उतार उरले. त्या उतारांची खाचरं यांनी केली, आणि आज जगभरातून लोक तीच बघायला येतात. २०१९ च्या जनगणनेत व्हिएतनाममध्ये सुमारे १४ लाख ह्मोंग होते. लाओस, थायलंड, चीनमध्येही आहेत, आणि १९७५ नंतर लाओसमधून निर्वासित होऊन मोठ्या संख्येने अमेरिकेतही गेले. सापा परिसरात राहतात त्यांना गडद निळ्या-काळ्या पोशाखावरून काळे ह्मोंग म्हणतात. त्याच खोऱ्यात ता वानला ग्याय समाजाची घरं आहेत, दुसऱ्या बाजूला ता फिनला लाल दाओ, डोक्याला लाल पटका बांधणारे. तेव्हा 'आदिवासी' म्हणून सगळ्यांना एका पिशवीत घालू नका, एवढं आधी मुलाला आणि मग स्वतःला सांगा.

सापा हे गाव फ्रेंचांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थंड हवेचं ठिकाण म्हणून उभं केलं. दगडी चर्च त्यांचंच. पुढे युद्धं झाली. १९७९ मध्ये चीनचं सैन्य सीमा ओलांडून आलं तेव्हाही या भागाची नासधूस झाली. परदेशी पर्यटकांसाठी सापा परत खुलं झालं ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. नेमकं त्याच सुमाराला सरकारने अफूची शेती बंद पाडली. डोंगरातल्या लोकांचं रोख पैशाचं ते एक मोठं साधन होतं. भात एकदाच पिकतो आणि तो घरात खायला लागतो. जंगलाच्या सावलीत मोठ्या वेलचीच्या जातीचं 'थाओ क्वा' लावतात, त्याचे पैसे येतात. पण सगळ्यांकडे तेवढं जंगल नाही. मग उरतो तो पर्यटक. २०१४ मध्ये हनोईपासून सापाजवळच्या लाओ काय शहरापर्यंत द्रुतगती मार्ग झाला, २०१६ मध्ये फान्सिपान शिखरावर केबल कार गेली. १९०० सालातल्या धुक्याच्या कल्पना करत जाल तर सापा गावात पोचल्यावर हॉटेलांच्या मजल्यांनी आणि बांधकामाच्या धुळीने हिरमोड होईल. ती हॉटेलं बहुतेक खालून आलेल्या किन्ह लोकांची, म्हणजे देशातल्या बहुसंख्य समाजाची. ह्मोंग बाईच्या हातात थेट पडतो तो गाइडचा मोबदला, घरचं जेवण आणि टोपलीतलं सामान.

म्हणून मुलाच्या प्रश्नाला माझं उत्तर गावानुसार बदलतं. सापाला लागून असलेलं कात कात बघायला जाल तर तिकीट काढून आत, दुतर्फा दुकानं, फोटोसाठी केलेली पाणचक्की, भाड्याने रंगीत कपडे घालून फिरणारे पर्यटक. तिथे तुमचा मुलगा बरोबर ठरेल. लाओ चायच्या वरच्या बाजूला, हाउ थाओच्या अंगाने जाल तर तुम्हाला बघायला कुणाला वेळ नसतो. मका सोलणं चाललेलं असतं, डुकरं ओरडत असतात, कुणीतरी मोबाइलवर मोठ्याने व्हिडिओ लावलेला असतो. त्याच भागात नक्षी कोरलेल्या जुन्या शिळा विखुरल्या आहेत. १९२५ मध्ये त्यांची पहिल्यांदा नोंद झाली. काही शिळांवरच्या रेघांत उतरती खाचरं दिसतात असं म्हणतात. मला दिसली, पण दिवसभर खाचरंच बघितल्यावर भिंतीच्या ओलीतही दिसली असती.

घरात बोलावलं तर जा. माती चोपलेली जमीन, मधे चूल, माळ्यावर मका. दारासमोरच्या भिंतीवर पूर्वजांची जागा असते, तिला हात लावायचा नाही, तिच्याखाली बॅग टेकवायची नाही. मधल्या खांबालाही मान असतो, त्याला टेकून बसू नका. दाराशी किंवा फाटकाला हिरवी डहाळी लटकवलेली दिसली तर आत काही विधी चाललेला आहे, मुकाट पुढे जा. मुलांच्या डोक्यावरून हात फिरवायची आपली सवय तिथे आवरा. आणि फोटोआधी विचारा. विचारायची हिंमत होत नसेल तर तो फोटो घेऊ नका.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. भुकेने मरू का? — नोकरदार, इचलकरंजी

उत्तर : नाही. भात भरपूर, टोफू, आणि सापाची खासियत म्हणजे 'सु सु' या वेलीचे कोवळे शेंडे, लसूण घालून परतलेले. डोंगरी मोहरीच्या पाल्याची किंचित कडू भाजीही असते, ती मला जास्त आवडली. अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते, न दिसणाऱ्याची असते : डुकराच्या चरबीत परतलेली भाजी आणि जवळजवळ सगळ्यात पडणारा माशाचा सॉस, 'नुओक माम'. म्हणून गाइडला आदल्या दिवशीच सांगा : मांस नाही, मासा नाही, माशाचा सॉस नाही, चरबी नाही. हे चारही वेगवेगळं सांगावं लागतं. नुसतं 'शाकाहारी' म्हटलंत तर भाजीतलं मांस बाजूला काढून देतील, आणि प्रेमाने देतील. हॉटेलात 'तोय आन चाय' एवढं वाक्य पुरतं. लसूणही चालत नसेल तर खिशात काहीतरी कोरडं ठेवा.

जेवताना छोट्या पेल्यातून तांदळाची किंवा मक्याची दारू येते. कडक असते. नको असेल तर नको म्हणा, कुणी रागावत नाही. पण ट्रेकच्या मध्यावर, उतार शिल्लक असताना, 'चव बघू' म्हणून तीन पेले घेणाऱ्यांना काठी मी देणार नाही.

प्रश्न : हनोईहून सकाळी निघून ट्रेक करून रात्री परत येता येईल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. बसला पाच-सहा तास लागतात, एका बाजूने. रात्रीच्या रेल्वेने लाओ कायला या, तिथून सापा ३८ किलोमीटर घाटाने. किंवा बसने या, पण एक मुक्काम सापात किंवा ता वानला कराच. ता वानला केलात तर उत्तम, संध्याकाळी व्हॅन निघून गेल्यावर गाव मोकळं होतं.

प्रश्न : बूट कुठले घ्यावेत? — अनेक जण

उत्तर : पावसाचे दिवस असतील तर कुठलेच नाहीत. सापात गमबूट भाड्याने मिळतात, तेच घाला. जाड मोजे स्वतःचे न्या. तुमचे पाय मोठे असतील तर तुमच्या मापाचे मिळतीलच असं नाही, तेव्हा आदल्या संध्याकाळी दुकान गाठा.

प्रश्न : व्हिसा आणि पैशांबद्दल थोडक्यात सांगाल का? — व्यावसायिक, अहिल्यानगर

उत्तर : भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा असतो, एका प्रवेशाला २५ डॉलर. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. नाव पासपोर्टवर जसं आहे अक्षर न अक्षर तसंच लिहा, मधलं नाव गाळलं की विमानतळावर प्रश्न सुरू होतात.

डोंग रोख ठेवा, गावांत कार्ड चालत नाही. आणि नोटा देताना शून्यं मोजा. २० हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसर, दोन्हींवर हो चि मिन्ह, दोन्ही गुळगुळीत पॉलिमरच्या. एक साधारण सदुसष्ट रुपयांची आणि दुसरी सोळाशेच्या वर. पाच लाखाच्या नोटा मी वेगळ्या कप्प्यात ठेवते. सुटे पैसे सापातच करून घ्या, टोपलीवालीकडे पाच लाखाची मोड नसते.

प्रश्न : आम्ही मागच्या सप्टेंबरात सापा केलं. परत खाचरंच बघायला जायचं तर दुसरं काही आहे का? — डॉक्टर दांपत्य, कोल्हापूर

उत्तर : मू कांग चाय. सापाहून दक्षिणेला, डोंगरातून बरंच अंतर गाडीने. तिथलीही खाचरं ह्मोंग लोकांनीच केलेली. ला पान तान, चे कू न्हा आणि दे शू फिन्ह ही त्यातली नावाजलेली गावं. २००७ मध्ये त्यांना राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. कापणी सापापेक्षा थोडी उशिरा, सप्टेंबरच्या अखेरीला ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, त्यामुळे तुमची सुट्टी मागे-पुढे झाली तरी जमेल. सापासारखी इंग्रजी बोलणाऱ्या गाइडांची सोय कमी. हनोईहूनच गाडी आणि दुभाष्या ठरवून निघा.

प्रश्न : सापाहून आणलेल्या निळ्या पिशवीचा रंग माझ्या पांढऱ्या कुडत्याला लागला. फसवलं का मला? — विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : उलट, खरी नीळ निघाली असण्याची शक्यता जास्त. नैसर्गिक निळीचं नवं कापड सुरुवातीला रंग सोडतंच, घासलं गेलं की आणखी. तिथल्या बायकांची बोटं वर्षभर निळी असतात ती त्यामुळेच. पिशवी गार पाण्यात एकटीच धुवा, पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा, पिळू नका, सावलीत वाळवा. तोवर गडद कपड्यांवर वापरा. कुडत्याचा डाग लगेच साबणाने चोळला असता तर बराचसा निघाला असता. आता वाळला असेल तर रात्रभर भिजवून बघा, आणि तरीही राहिला तर तो कुडता निळा रंगवून टाका.